गांजा नियमन मंडळ: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाणे जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालचे, खटले हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. गांजा कायदेशीर होणार का, झालाच तर विकणार कोण आणि विकणाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार, हे प्रश्न हल्ली पक्षकारांपेक्षा सोसायटीच्या बैठकांत आणि कॉलेजांतल्या कार्यक्रमांत जास्त विचारले जातात. त्यांची उत्तरे एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिले आहे.

माझे मत आधीच सांगते. आधी दुकाने आणि मग नियम हा क्रम मला धोक्याचा वाटतो. गांजावर नियंत्रण ठेवणारे मंडळ असावे, ते पहिला परवाना निघण्याआधी कामाला लागलेले असावे, आणि किती महसूल जमा झाला यावर त्याचे यश मोजले जाऊ नये. पुढची सगळी उत्तरे या भूमिकेतून लिहिली आहेत. कायद्याची माहिती मात्र आहे तशीच दिली आहे.

महाराष्ट्रात असे मंडळ स्थापन झाले आहे का?

नाही. समाजमाध्यमांवर ‘सरकारमान्य गांजा दुकान, अर्ज सुरू’ अशा पोस्ट फिरतात, त्या खोट्या आहेत. अशा अर्जासाठी कोणी ‘प्रक्रिया शुल्क’ मागितले तर पैसे देऊ नका आणि सायबर पोलिसांच्या १९३० या क्रमांकावर कळवा.

आज गांजाबाबत कायदा नेमका काय आहे?

देशभर लागू असलेला १९८५ चा एनडीपीएस कायदा. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुले किंवा फळे आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. चरस म्हणजे झाडापासून काढलेली राळ. या दोन्हींपासून केलेले कोणतेही मिश्रण किंवा पेय हेही त्याच व्याख्येत बसते.

शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. त्यासाठी १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेले की व्यावसायिक प्रमाण. तिथे शिक्षा किमान १० वर्षे आणि कमाल २० वर्षे, शिवाय १ ते २ लाख रुपये दंड. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत. चरसासाठी हेच टप्पे १०० ग्रॅम आणि १ किलो असे आहेत. बाळगणे बाजूला ठेवले, तरी गांजाचे नुसते सेवन हासुद्धा कलम २७ खाली गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

कागदावर हे स्वच्छ दिसते. कोर्टात मुद्देमालाचे पाकीट उघडले की चित्र बदलते. लाखेचे सील तोडून कापडी पिशवी रिकामी केली की आतून काड्या, बिया, चुरा झालेली पाने आणि थोडेसे चिकट शेंडे असे सगळे एकत्रच निघते. पंचनाम्यात मात्र एकच आकडा असतो, आख्ख्या पिशवीच्या वजनाचा. वजन २१ किलो लिहिले गेले असेल तर कलम ३७ लागते. मग आरोपी निर्दोष आहे आणि जामिनावर असताना गुन्हा करणार नाही असे मानायला वाजवी आधार आहे, असे न्यायालयाला वाटल्याशिवाय जामीनच मिळत नाही. त्यातली काड्या-पाने वेगळी काढली तर शेंडे कदाचित १५ किलो भरतील, आणि माणसाच्या आयुष्यातली कितीतरी वर्षे या फरकावर अवलंबून असतात. बचावाचा हा मुद्दा आम्ही वारंवार मांडतो. मंडळाची चर्चा करताना मी मोजमाप आणि प्रयोगशाळा यांवर इतका भर का देते, ते यावरून लक्षात येईल.

मग शिवरात्रीला भांग कशी चालते?

भांग पानांची असते, आणि नुसती पाने एनडीपीएसच्या व्याख्येबाहेर आहेत. म्हणूनच उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान इथे परवानाधारक भांगेची दुकाने दिसतात. याचा अर्थ महाराष्ट्रात मोकळीक आहे असा कोणी घेऊ नये. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू होतो आणि परवान्याशिवाय ती बनवणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा ठरतो. होळीच्या दिवशी गच्चीवर वाटली तरी तो गुन्हाच.

राज्य सरकार स्वतःहून असे मंडळ आणू शकते का?

अर्धे आणू शकते. कसे ते नीट समजून घ्या, कारण टीव्हीवरच्या चर्चेत हा भाग हमखास सुटतो.

‘औषधे आणि विषे’ हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणून संसद आणि विधानसभा दोघींनाही त्यावर कायदा करता येतो. संसदेने १९८५ मध्ये तो केला. त्या कायद्याच्या कलम १० ने चरस वगळून गांजाची लागवड, उत्पादन, वाहतूक, विक्री यांना परवानगी देण्याचा आणि त्यावर नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. मात्र कलम ८ ची मर्यादा आहे: हे सगळे वैद्यकीय किंवा शास्त्रीय कारणासाठीच. म्हणजे औषधासाठी गांजा पिकवणे, साठवणे आणि देणे यावर देखरेख करणारे मंडळ महाराष्ट्राला आजच्या चौकटीत बसवता येईल. मौजेसाठी विक्री सुरू करायची असेल तर संसदेलाच कायदा बदलावा लागेल.

दुसरी वाट कलम १४ ची. धागा आणि बी मिळवण्यासाठी, म्हणजे औद्योगिक भांगेसाठी, सरकार लागवडीला परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने ही वाट सगळ्यांआधी धरली. तिथे झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा अशी अट आहे. हिमाचल प्रदेशने २०२३ मध्ये समिती नेमली आणि २०२४ मध्ये विधानसभेने तिचा अहवाल स्वीकारला.

एक गोष्ट बऱ्याच वकिलांच्याही नजरेतून सुटते. राज्य सूचीतली ५१ वी नोंद दारूबरोबरच अफू आणि ‘भारतीय भांग’ यांवर उत्पादन शुल्क लावण्याचा अधिकार राज्यांना देते. उद्या विक्री कायदेशीर झाली तर कराचा मोठा वाटा राज्याकडे येईल, तो या नोंदीमुळे. मंडळ कोणाच्या हाताखाली असावे यावरून खरी ओढाताण होईल तीही याच मुद्द्यावर.

घटनेचे कलम ४७ सुद्धा लक्षात ठेवा. औषधी कारण वगळता मादक पेये आणि आरोग्याला घातक द्रव्ये यांच्या सेवनाला बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते मार्गदर्शक तत्त्व सांगते. ते तत्त्व घेऊन कोर्टात जाऊन हक्क बजावता येत नाही. तरीही मंडळाच्या कायद्याला आव्हान मिळाले तर आव्हान देणाऱ्यांचा पहिला युक्तिवाद हाच असेल.

आंतरराष्ट्रीय करारांचे काय?

भारत १९६१ च्या अमली पदार्थविषयक कराराचा सदस्य आहे. त्याचे कलम २८ म्हणते की एखाद्या देशाने गांजाच्या लागवडीला परवानगी दिली तर अफूसाठी असते तशी सरकारी नियंत्रण यंत्रणा उभारावी. थोडक्यात, औषधासाठी लागवड करायची तर मंडळासारखी संस्था हवीच, असे हा करारच सांगतो. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून, म्हणजे चौथ्या अनुसूचीतून, २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले. भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले होते. गांजा पहिल्या अनुसूचीत मात्र आजही आहे, त्यामुळे मौजेच्या विक्रीला करार मान्यता देत नाही.

राज्य उत्पादन शुल्क विभाग आहे की. वेगळे मंडळ कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि तो रास्त आहे. दारूचे परवाने, गोदामे, भरारी पथके हे सगळे त्या विभागाकडे तयार आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने नेमके हेच केले. तिथल्या दारू नियंत्रण मंडळालाच गांजाचे काम दिले आणि २०१५ मध्ये त्याच्या नावात गांजा जोडला.

माझी अडचण अशी. उत्पादन शुल्क विभागाला दर वर्षी महसुलाचे उद्दिष्ट असते आणि ते वाढतच जाते. ज्या खात्याचे यश जास्त विक्रीवर मोजले जाते, त्याच खात्याला ‘विक्री आटोक्यात ठेवा, अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या हाती जाऊ देऊ नका’ असे सांगायचे, हे माणसाच्या स्वभावाला धरून नाही. त्या विभागातले अधिकारी वाईट आहेत असे मी म्हणत नाही. त्यांना दिलेले काम एकमेकांना छेद देणारे आहे.

परवान्यांचा अनुभवही डोळ्यांसमोर आहे. महाराष्ट्रात विदेशी दारूच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून जवळपास बंद राहिले. दुकाने आटोक्यात राहावीत हा हेतू चांगला होता. पण त्यामुळे जुना परवाना हीच सोन्याची खाण झाली आणि हस्तांतराच्या व्यवहारांना मोल आले. गांजाचा परवाना कोणाच्या नावे, किती काळ, विकता येईल की नाही, हे पहिल्या दिवशी ठरले नाही तर तेच होईल. परवाना माणसाला मिळावा, मुदतीचा असावा आणि मुदत संपली की मंडळाकडे परत यावा, असे माझे म्हणणे आहे.

आपल्याला स्वतंत्र नियामक नवीन नाही. ठाणे आणि नवी मुंबईत फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाने महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासलेला असतो. विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, आणि दरवाढीआधी ग्राहकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. या संस्था परिपूर्ण नाहीत. पण तिथे आदेश लेखी निघतो, कारणे द्यावी लागतात आणि अपील करता येते. गांजाच्या मंडळाकडून किमान एवढे तरी मिळायला हवे.

लागवडीवर नजर ठेवण्याचा नमुना तर देशातच आहे. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर, राजस्थानात चित्तोडगड आणि उत्तर प्रदेशाच्या काही भागांत औषधासाठी अफूची शेती होते. ग्वाल्हेरचा केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो परवाने देतो, शेत मोजतो, आणि काढलेली अफू शेतकऱ्याने सरकारलाच द्यायची असते. ती नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. ही व्यवस्था वित्त मंत्रालयाकडे असली तरी तिचा हेतू विक्री वाढवण्याचा नाही. औषधाची गरज पाहून धोरण दर वर्षी नव्याने ठरते. गळती तिथेही होते. पण शेतापासून कारखान्यापर्यंत माल कोणाच्या ताब्यात होता याची नोंद राहते.

मंडळावर कोण बसावे?

अलास्काचे उदाहरण मला उपयोगी वाटते. तिथल्या मतदारांनी २०१४ मध्ये गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूने कौल दिला आणि २०१५ मध्ये विधिमंडळाने पाच जणांचे नियंत्रण मंडळ बनवले. एक जागा सार्वजनिक सुरक्षेच्या क्षेत्राला, एक सार्वजनिक आरोग्याला, एक ग्रामीण भागातल्या रहिवाशाला, एक गांजा उद्योगाला, आणि पाचवी उद्योगातल्या किंवा सर्वसामान्य नागरिकाला. धंद्यातल्या लोकांना आवाज आहे, बहुमत नाही.

महाराष्ट्रासाठी मी यात थोडा बदल करेन. अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश किंवा सार्वजनिक आरोग्यात काम केलेली व्यक्ती असावी. व्यसनमुक्तीचे प्रत्यक्ष काम केलेला मनोविकारतज्ज्ञ असावा, नुसता पदव्यांवर बसवलेला नको. अन्न व औषध प्रशासनाचा अनुभव असलेला औषधनिर्माणशास्त्राचा माणूस लागेल, कारण मालाची शुद्धता हेच अर्धे काम आहे. एक शेतकरी, एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि एक महापालिका क्षेत्रातला नागरिक. उद्योगाचा प्रतिनिधी चर्चेला यावा, पण परवाना देण्याच्या मतदानात त्याला मत नसावे. मंडळातून बाहेर पडल्यावर काही वर्षे परवानाधारक कंपनीत नोकरी घेता येणार नाही, ही अट कायद्यातच लिहावी. नियमावलीत लिहिली तर ती पुढे सोयीने बदलली जाते.

आणि निधी. मंडळाचा खर्च परवाना शुल्कातून निघावा, विक्रीवरच्या करातून नको.

जिथे गांजा कायदेशीर झाला तिथे काय अनुभव आला?

उरुग्वेने डिसेंबर २०१३ मध्ये कायदा केला आणि आयआरसीसीए ही नियामक संस्था बनवली. औषधांच्या दुकानांतून विक्री सुरू व्हायला २०१७ चा जुलै उजाडला. साडेतीन वर्षे त्यांनी नोंदणी, लागवड आणि तपासणीची घडी बसवण्यात घालवली. नागरिकाने नोंदणी करायची, घरी झाडे लावायची की क्लबात जायचे की औषध दुकानातून घ्यायचे हे एकच निवडायचे, महिन्याला ४० ग्रॅमची मर्यादा. जाहिरात बंद, पर्यटकांना विक्री नाही. लोक या संथपणावर टीका करतात. मला तो शहाणपणा वाटतो. एक धडा त्यांनाही मिळाला: अमेरिकी बँकांच्या नियमांमुळे औषध दुकानांची खाती अडचणीत आली आणि काही दुकाने योजनेतून बाहेर पडली. केंद्राचा कायदा बदलायच्या आधी एखाद्या राज्याने धाव घेतली तर आपल्याकडे बँका हेच करतील.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर परवानगी दिली. उत्पादकाला परवाना केंद्रीय आरोग्य खाते देते, किरकोळ विक्री प्रांत पाहतात. हे काम आरोग्य खात्याकडे गेले हे महत्त्वाचे. पाकिटे साधी, चित्रे नाहीत, लहान मुलांना उघडता येणार नाहीत अशी. खाण्याच्या पदार्थांच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. एवढे करूनही लहान मुलांनी चुकून गोळ्या खाल्ल्याचे प्रकार वाढले. क्युबेकने तर २०२० पासून वयाची अट १८ वरून २१ वर नेली.

थायलंडचे उदाहरण मी प्रत्येक कार्यक्रमात सांगते. जून २०२२ मध्ये त्यांनी गांजाला अमली पदार्थांच्या यादीतून काढले. नियंत्रणाचा कायदा मागाहून येणार होता, तो संसदेत अडकला. मधल्या काळात हजारो दुकाने उघडली. ती बंद करायची तर हजारो लोकांची गुंतवणूक बुडते, चालू ठेवायची तर शाळकरी मुलांपर्यंत माल जातो. शेवटी जून २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फुलांची विक्री बंद करण्याचा आदेश निघाला. या गोंधळाची झळ आपल्यालाही बसली. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत मुंबई विमानतळावर सतत पकडला जाणारा ‘हायड्रो’ गांजा, म्हणजे मातीऐवजी पाण्यावर वाढवलेला, तोच. तो इथल्या पोरांपर्यंत कसा पोचतो हे मी खटल्यांच्या कागदपत्रांत वाचत असते.

न्यूयॉर्कमध्ये उलटे झाले. मार्च २०२१ मध्ये कायदा झाला, मंडळही बनले, पण परवाने इतके रेंगाळले की पहिले कायदेशीर दुकान २०२२ च्या डिसेंबरअखेर उघडले. तोवर शहरात बेकायदा दुकाने गल्लोगल्ली उभी राहिली होती. मंडळ नुसते असून भागत नाही. त्याच्याकडे निरीक्षक, प्रयोगशाळा आणि बेकायदा दुकानाला टाळे ठोकण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून हवा.

करातून राज्याला भरपूर पैसा मिळेल ना?

मिळेल. कोलोराडोत २०१४ पासून विक्री सुरू आहे आणि तिथल्या कराचा काही भाग शाळांच्या इमारतींसाठी जातो. पण कॅलिफोर्नियात कर इतका चढला की लोक जुन्याच विक्रेत्याकडे परत गेले, आणि २०२२ मध्ये सरकारला लागवडीवरचा कर काढून टाकावा लागला. कर कमी ठेवला तर सेवन वाढते, जास्त ठेवला तर काळा बाजार. हा आकडा अर्थसंकल्पाच्या गरजेवर ठरू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

आमच्या सोसायटीच्या गाळ्यात दुकान आले तर?

घोडबंदर रोडवरून, खारघरमधून, ऐरोलीतून, सगळीकडून हा प्रश्न येतो आणि त्यामागची काळजी मला पूर्ण पटते. दारूच्या दुकानाबाबत आपल्याकडे ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानाची परंपरा आहे. महिलांनी मागणी करून, मतदान घेऊन दुकाने बंद पाडली आहेत. सोसायटीच्या आवारात बिअर किंवा दारूचे नवे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असेही २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झाले. गांजाच्या कायद्यात हा हक्क मूळ मसुद्यातच असावा: सोसायटीची संमती, शाळा-कॉलेजपासून अंतर, आणि प्रभागाला दुकान नाकारण्याचा अधिकार.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियात निम्म्याहून अधिक स्थानिक संस्थांनी दुकानांना नकार दिला. त्या भागांत गांजा थांबला नाही, बेकायदा विक्रेत्यांचे फावले. नकाराचा हक्क वापरताना हे मनात असू द्या.

तरुणांवर काय परिणाम होईल?

गांजा निरुपद्रवी आहे असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. कमी वयात, रोज आणि जास्त टीएचसी असलेला माल घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो हे अभ्यासांतून पुढे आले आहे. एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात वर्षभरात सुमारे ३.१ कोटी लोकांनी भांग, गांजा किंवा चरस घेतला, आणि त्यांतल्या सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. हे सगळे बंदी असतानाचे आकडे आहेत.

वयाची अट २५ असावी असे मला वाटते. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ ही अट आधीच आहे. ती किती पाळली जाते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून आधार पडताळणीसारखी सोय आणि चुकीच्या वयाला विकल्यास थेट परवाना रद्द, एवढे कडक कलम लागेल.

मुरबाड-शहापूरकडे आमची जमीन आहे. लागवड करता येईल का?

परवाना हातात नसताना एकही झाड लावू नका. लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. आपल्या जमिनीत कोणी लावली असेल तर ते कळवणे हे कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. ‘हेम्पची करार शेती, एकरी लाखोंची कमाई’ सांगत फिरणाऱ्या एजंटांकडे राज्याचा लेखी परवाना मागा. तो दाखवता आला नाही तर विषय तिथेच संपवा.

अमेरिकेतून भाचा आला, त्याने गांजाच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, आणल्या. घरी ठेवल्या तर चालेल?

नाही. तिथल्या दुकानात बिल देऊन घेतल्या असल्या तरी भारतात आणणे हा आयातीचा गुन्हा आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरवले की मिश्रणात अमली द्रव्य किती हे न पाहता मिश्रणाचे संपूर्ण वजन धरायचे. म्हणजे साखर आणि जिलेटिनसकट. येण्याआधीच पोराला फोन करून सांगा. कुरिअरने मागवणे तर त्याहून वाईट, कारण पार्सलवर तुमचे नाव आणि पत्ता असतो.

फ्लॅट भाड्याने दिला आहे, भाडेकरूने आत झाडे लावली तर घरमालक अडकतो का?

माहीत असून वापरू दिले तर कलम २५ खाली घरमालकही आरोपी होतो. भाडेकरार नोंदवा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या. बंद खोलीत दिवसरात्र प्रखर दिवे, अचानक फुगलेले वीजबिल असे काही दिसले तर लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

औषध म्हणून आज काही मिळते का?

मिळते. आयुर्वेदात विजया या नावाने ही वनस्पती आहे, आणि आयुष परवाना असलेली पानांपासून केलेली औषधे वैद्याच्या चिठ्ठीवर घेता येतात. बाटलीवर परवाना क्रमांक पाहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मुलांमधल्या दोन दुर्मीळ आणि हट्टी अपस्मारांसाठी सीबीडी, म्हणजे या झाडातला नशा न आणणारा घटक, असलेले औषध मंजूर केले. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवरही या वर्गातली औषधे काही देशांत दिली जातात. कर्करोग बरा होतो असा दावा करणाऱ्यांपासून दूर राहा. ज्या घरात अपस्माराचे मूल आहे, त्या आईला शुद्ध आणि मोजून दिलेले औषध मिळावे, ही मंडळासाठीची सर्वांत भक्कम बाजू आहे असे मी मानते. सुरुवात तिथूनच व्हावी. दुकानांचा विचार पुढच्या पिढीवर सोडला तरी माझी हरकत नाही.

कायदा बदलला तर जुन्या केस मिटतील का?

आपोआप नाही. २००१ मध्ये वजनानुसार शिक्षेची पद्धत आली तेव्हा खालच्या कोर्टात चालू असलेल्या खटल्यांना तिचा फायदा दिला, अपिलातल्यांना दिला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. म्हणून अल्प प्रमाणाच्या जुन्या शिक्षा पुसण्याची तरतूद नव्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिली जायला हवी. पासपोर्ट आणि नोकरीच्या पडताळणीत असा एक गुन्हा तरुणाला वर्षानुवर्षे आडवा येतो.

घरात कोणाला व्यसन आहे. पोलिसांच्या भीतीने डॉक्टरकडे नेत नाही. काय करावे?

न्या. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर कलम ६४ए त्याला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते, म्हणून केंद्राची कागदपत्रे सांभाळा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. निवासी उपचार हवे असतील तर पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते. पहिल्या भेटीला आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची नावे आणि सोबत घरातले एक माणूस असू द्या. गुन्हा आधीच दाखल असेल तर एफआयआरची प्रत घेऊन वकिलाला त्याच आठवड्यात भेटा, कारण दोषी ठरल्यावर लगेच शिक्षा न देता उपचारासाठी परिवीक्षेवर सोडण्याची सोय कलम ३९ मध्ये आहे, आणि ती विनंती न्यायालयापुढे नीट मांडावी लागते.